भाडेकरूनं भाडेकरूसारखं राहावं

मी चहा टाकला की आमचा भाडेकरू उठतो, चपला घालतो, ओटा उतरतो, रस्ता ओलांडतो आणि समोर सलीमच्या टपरीवर जाऊन उभा राहतो. तिथे पैसे देऊन चहा घेतो. मग ग्लास वर करून मला, म्हणजे घरमालकाला, लांबून रामराम घालतो. मी इकडे ओट्यावर दोन कप घेऊन बसलेला. एक माझा, एक त्याचा. त्याचाही शेवटी मलाच प्यावा लागतो. डॉक्टरनं मला साखर कमी करायला सांगितलीय. उद्या मला काही झालं तर जबाबदार हा माणूस आहे, हे मी इथे लिहून ठेवतो.

एकदा न राहवून सलीमला विचारलं, "काय रे, माझ्या चहात माती असते का?"

सलीम हसला. "आबा, तुम चाय बनाते रहो. तुमने पातेला चढाया, के मेरा एक गिऱ्हाईक पक्का."

म्हणजे गॅस माझा जळतो आणि धंदा याचा होतो.

या भाडेकरूचं नाव हिलाल. लोक हिलालभाऊ म्हणतात. गाव धुळ्याकडचं, वय साठीला टेकलेलं. कोर्टात पट्टेवाला. साहेबाच्या दालनाबाहेर उभं राहायचं आणि ज्याची केस असेल त्याचं नाव, बापासकट, आडनावासकट, आख्ख्या आवारात ऐकू जाईल असं पुकारायचं, हे त्याचं काम. उमर धुळ्याच्या कोर्टात गेली, आणि रिटायर व्हायला थोडं राहिलं तेव्हा जळगावला बदली झाली. मी एकदा काही कामानं कोर्टाकडे गेलो होतो तेव्हा त्याला पुकारताना ऐकलं. झाडावरची पाखरं उडाली. माझ्या शेजारी एक म्हातारी पेंगत होती, ती दचकून "आले, आले" म्हणत उठली. तिची केसही नव्हती.

आणि हाच माणूस घरात इतकं हळू बोलतो की मला कानामागे हात धरावा लागतो. माझी सगळी नोकरी कापसाच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात गेली. मशिनीनं कान खाल्ले. मी त्याला म्हटलं, "हिलालभाऊ, जरा मोठ्यानं बोला की. पगार कशाचा घेता?"

तर म्हणतो, "आवाज सरकारी आहे, आबा. घरी वापरत नाही."

आता याला काय म्हणावं?

कोणी म्हणेल, एवढा त्रास होता तर भाडेकरू ठेवलाच कशाला? मला हौस नव्हती. सिंधूची आई, म्हणजे माझी बायको, लई दिवस अंथरुणावर होती. दवाखान्यानं घरातलं होतं-नव्हतं ते नेलं आणि शेवटी तिलाही नेलं. जिनाची पेन्शन म्हणजे नुसतं नाव. मुलगा सुरतला साड्यांच्या मार्केटात, त्याचं त्यालाच पुरत नाही. मी मागत नाही. गॅसची टाकी संपली की नवी सांगायच्या आधी मी चार दिवस शेजाऱ्याकडून कपाशीच्या काड्या आणून चूल पेटवायचो. ते धरणगावहून आलेल्या लेकीनं पाहिलं. सिंधू म्हणाली, "आबा, पुढची खोली भाड्यानं द्या."

मी म्हटलं, "ती तुझ्या आईची खोली आहे."

"आई गेली, आबा. खोली आहे."

अशी बोलते. माझ्यावर गेलीय.

मग खाट बाहेर काढली. भिंती धुतल्या, चुना मारला, तरी औषधाचा वास जाईना. कॉलेजची दोन पोरं आली, नाकाला रुमाल लावून गेली. एक मास्तरीण आली. चांगली होती, पण तिनं विचारलं, "इथे कोणी वारलं का हो?" मी म्हटलं, "वारलं ना. माझी बायको." ती पर्स सावरत जी गेली ती परत आली नाही. सिंधू फोनवर माझ्यावर खेकसली, "आबा, एवढं खरं बोलायची काय गरज होती?" आता बायको वारली हेही खोटं बोलायचं का?

मग हिलालभाऊ आला. खिडकी उघडून पाहिली, बंद करून पाहिली. वासाचं काही बोलला नाही. म्हणाला, "चालेल. मी भाडेकरू आहे, आबा. भाडेकरूनं भाडेकरूसारखं राहावं."

मला वाटलं, वा, शहाणा माणूस भेटला. तेव्हा मला काय माहीत की हे वाक्य हा मला सकाळ-संध्याकाळ ऐकवणार आहे.

भिंतीत खिळा ठोकायचा तर विचारायला आला. "भिंत तुमची आहे." मी म्हटलं ठोका. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या खिळ्यासाठी परत आला. माझं डोकं फिरलं. मी ओरडलो, "अहो, सगळी भिंत खिळ्यांनी भरा, पण मला विचारू नका!" तर त्यानं तो खिळा ठोकलाच नाही. का, तर म्हणे, "तुम्ही रागात परवानगी दिली. ती धरता येत नाही." तेव्हापासून त्याची टोपी खिडकीच्या गजाला लटकते आणि खिडकी नीट लागत नाही. पावसाचं पाणी आत येतं. भिंत माझी ओली होते.

ओटा झाडतो, पण अर्धा. त्याच्या खोलीपुढचा. मध्ये रेघ नाही, काही नाही, पण त्याला ती दिसते. रस्त्यावरच्या कडुनिंबाची पानं पडतात, वारा ती इकडून तिकडे नेतो. त्यावर हा म्हणतो, "तुमची पानं माझ्याकडे आली तर मी झाडतो. माझी तुमच्याकडे आली तर आवाज द्या, मी येऊन नेतो." माझी पानं, तुझी पानं! झाड रस्त्यावरचं. आम्हा दोघांच्या बापानंही ते लावलं नाही.

माझ्याकडे पाहुणा आला की हा घराबाहेर पडतो. रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहतो, आणि पाहुणा उठेपर्यंत आमच्या दाराकडे बघत राहतो. "तुमचं घरगुती बोलणं असतं, आबा." वैशाखात जिनातला माझा जुना जोडीदार आला होता. ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नाही. जोडीदार पाणी पितापिता थांबला आणि म्हणाला, "तो समोर उभा राहून आपल्याकडे बघतोय तो कोण? पोलीस का?"

"माझा भाडेकरू."

"मग आत का येत नाही?"

"ते मलाही कोणीतरी सांगा."

जोडीदार बिचारा घाबरून लवकर उठला. त्याला वाटलं मी काहीतरी भानगडीत आहे.

पण माझं खरं डोकं फिरवलं ते भरितानं. हिवाळ्यात असोद्याहून माझा थोरला चुलतभाऊ, त्याला आम्ही नाना म्हणतो, वांगी पाठवतो. हिरवी, मोठाली. ती मी दारात कपाशीच्या काड्यांवर भाजतो. लाकडी बडगीत ठेचतो. हिरवी मिरची, कांद्याची पात, शेंगदाणे, वर तेल. सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी शेजारीण करून देते. आळीतल्या कोणालाही आमंत्रण लागत नाही, वासावर येतात. सलीम टपरी पोरावर टाकून येतो. सिंधूची आई होती तेव्हा वाढता वाढता तिचा हात दुखायचा. त्या दिवशी मी स्वतः हिलालभाऊच्या दाराशी गेलो. म्हटलं, "चला, ताट वाढलंय."

"नको, आबा. भाडेकरूनं..."

"माहीत आहे! पण जेवायला काय हरकत आहे? तुम्ही काय व्रत धरलंय?"

"व्रत नाही."

"जात बघता का आमची?"

"नाही, आबा." कान पकडून म्हणाला. "तसं मनातही नाही."

आणि गेला खानावळीत. शेवभाजी खाऊन आला. आम्ही सगळे ओट्यावर पोट धरून बसलेलो, हा आमच्यामधून वाट काढत खोलीकडे गेला आणि दारात थांबून म्हणाला, "वास चांगला होता."

मी म्हटलं, "मग वासाचं भाडं लावू का?"

त्यानं विचार केला. खरंच विचार केला. आणि म्हणाला, "लावा."

आळी हसली. मी नाही हसलो. आपल्या दारात माणूस उपाशी नसतो पण आपलं खात नाही, हा अपमान असतो. ज्याला कळत नसेल त्यानं खानदेशात राहू नये. मी सिंधूला फोन केला की याला काढून टाकतो. ती म्हणाली, "भाडं देतो ना वेळेवर? दारू पीत नाही ना? मग तुम्हाला काय पाहिजे, त्यानं तुमच्या मांडीवर बसून जेवावं?" मी फोन ठेवला.

आता श्रावणातलं सांगतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी हे. नागपंचमी झाली की येणाऱ्या रविवारी आमच्या खानदेशात घरोघर कानबाई बसते. आमची देवी म्हणजे एक नारळ. पिढ्यान्‌पिढ्या तोच नारळ. त्याला नथ घालायची, दागिने घालायचे, लुगडं नेसवायचं, रविवारी चौरंगावर बसवायचं. बायका रात्रभर गाणी म्हणतात. सोमवारी सकाळी वाजतगाजत पाण्यावर न्यायचं, आणि नारळ परत आणून घरात जपून ठेवायचा.

तिचा प्रसाद म्हणजे रोट. दिसायला जाड पोळी, पण पोळी नव्हे. भाऊबंदांत जेवढे पुरुष तेवढ्यांच्या नावानं सव्वा-सव्वा मूठ गहू मोजायचे. एकेकाचं नाव घ्यायचं आणि मूठ टाकायची. त्याच गव्हाच्या पिठाचे रोट करायचे आणि ते त्या भाऊबंदांनीच, त्यांच्या बायकापोरांनीच खायचे. बाहेरच्याला तुकडा नाही. आमच्यात तर लग्न झालेल्या लेकीलाही नाही, जावयाला तर नाहीच. उरले तर पुनवेच्या आत घरातच संपवायचे. ज्याच्या नावाची मूठ त्या पिठात नाही, त्यानं टोपलीला हातही लावायचा नाही.

आमचा नारळ माझ्या घरी असतो. माझ्या आईनं तो सिंधूच्या आईच्या हातात दिला होता. ती वर्षभर त्याची नथ रिठ्याच्या पाण्यात घासायची, अंथरुणाला खिळली तरी पडल्यापडल्या घासायची. ती गेली त्या वर्षी आमच्याकडे कानबाई बसली नाही. यंदा नानाचा असोद्याहून फोन आला.

"तुह्या घरात आता बाई नाही. नारळ असोद्याले घेऊन येतो."

मी म्हटलं, "घरात बाई नाही, म्हणून तर ती राहू दे."

नाना फोनवर खाकरला. मग म्हणाला, "यंदा बसव. काही वाकडं झालं, त मंग मी आयकनार नाही."

म्हणजे ठरलेलं होतं. यंदा जरा काही चुकलं की नारळ असोद्याला जाणार. घरातून आणखी एक बाई जाणार, असं मला झालं होतं. मी कोणाला बोललो नाही. गहू मी स्वतः निवडले. नानानं फोनवर त्याच्याकडची नावं सांगितली, ती घेत घेत मी एकटाच सुपापुढे बसून मुठी मोजल्या. चक्की धुवून घेतली, पीठ होईस्तोवर तिथून हललो नाही.

रविवारी असोद्याहून नाना, नानी, सुना, सगळी मंडळी आली. सिंधूची सासरची कानबाई त्याच दिवशी, म्हणून ती नव्हती; मुलाला सुरतहून सुटी मिळाली नाही. घरात पाय ठेवायला जागा नाही. मला वाटलं हिलालभाऊ आता नेहमीसारखा रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहणार. पण गेला नाही. खोलीतच बसला, दार अर्धं उघडं ठेवून. मी विचारलं, "आज टपरीवर नाही गेलात?"

"आज सलीम बंद आहे."

सलीम चालू होता. मला ओट्यावरून दिसत होता. पण मला त्या दिवशी हजार कामं. मी म्हटलं, मरू दे.

सोमवारी सकाळी सगळे नाचत-वाजवत मेहरूणच्या तलावावर गेलो. नानीनं चौरंग डोक्यावर घेतला. आल्यावर नारळ जागेवर ठेवला, नाना खुशीत होता, मला वाटलं पार पडलं. तेवढ्यात आतून नानीचा आवाज आला.

"अहो, एक रोट कमी आहे."

तिनं टोपली बाहेर आणली. पुन्हा मोजले. सुनांनी मोजले. मांजर म्हणावं तर फडकं जसंच्या तसं झाकलेलं. मांजर फडकं झाकत नाही. नाना माझ्याकडे बघायला लागला.

तेव्हा पुढच्या खोलीचं दार उघडलं. हिलालभाऊ बाहेर आला. कोर्टात जायचे पांढरे कपडे, पट्टा, टोपी, सगळं चढवलेलं. हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, "मी खाल्ला."

मी खरं सांगतो, मला आधी ऐकूच आलं नाही, इतकं हळू बोलला. सुनेच्या तोंडाकडे पाहून मला कळलं.

नानी भली बाई. ती म्हणाली, "पावन्याले माहीत नसंन हो. पोळी समजून खाल्ली असंन. नाही का, भाऊ?"

हिलालभाऊ खाली बघत होता. म्हणाला, "हो. मला माहीत नव्हतं. पोळी वाटली."

नाना उठला. "माहीत असो का नसो. बाहेरच्या तोंडात रोट गेला. आता आयक. हा मानूस या घरात राहीन, त कानबाई राहनार नाही. नारळ मी आत्ता नेतो. नाहीतर हा जाईन. तुले काय पाहिजे ते तू सांग."

हिलालभाऊ खोलीत परत गेला.

आता माझ्या जागी दुसरा कोणी असता तर काय केलं असतं ते मला माहीत नाही. ज्याला माझा चहा चालत नाही, माझं भरीत चालत नाही, तो माणूस माझ्या पाठीमागे माझ्या देवीचा रोट खातो? आणि त्याच्यापायी सिंधूच्या आईच्या हातचा नारळ जातो? मी तडक त्याच्या खोलीत घुसलो. दार आपटून लावलं.

तो पेटी भरत होता. मी सांगायच्या आधीच. एक ताट, एक वाटी, एक पेला, एक चादर. तेवढंच होतं त्याचं.

"चहा चालत नाही आणि रोट चालतो?" मी ओरडलो. "पोळी वाटली म्हणे! धुळ्याकडचा माणूस तू. तिकडे घरोघर कानबाई बसते. आणि तुला रोट कळत नाही?"

त्यानं ताट पेटीत ठेवलं. मग बोलला, आणि त्याची बोलीच बदलली. इतके दिवस माझ्याशी कोर्टाच्या मराठीत बोलणारा माणूस घरच्या माणसाशी बोलावं तसं बोलला.

"आबा, माले ठाऊक व्हतं. आम्हना घर बी कानबाई शे."

"मग माहीत नव्हतं का म्हणालास?"

"जाणीसन खादा म्हणतो, तर तुम्हना नाना नारळ उचलीसन लई जाता. चुकीनं खादा म्हटलं तर एखादवेळ सोडी देतीन. मी निंघी जास. तुम्हनी कानबाई ऱ्हाई."

म्हणजे हा आमच्या भाऊबंदांपुढे अडाणी ठरून माझी कानबाई वाचवायला निघाला होता. मी त्याच्यासमोर खाली बसलो. म्हटलं, "पण खाल्लास कशाला?"

मग त्यानं सांगितलं. फार नाही सांगितलं, आणि सगळं माझ्या कानांना ऐकूही आलं नाही. धुळ्याच्या कोर्टात त्याच्या सख्ख्या मोठ्या भावाची केस लागली होती, शेताच्या बांधाची. पुकारायची पाळी हिलालची. साहेब बसलेले, कारकुनानं नाव दिलं, यानं पुकारलं. भावाचं नाव, आपल्याच बापाचं नाव, आपलंच आडनाव, सगळ्या आवारात. गावची माणसं उभी होती, ती हसली. भाऊ याच्याकडे न बघता आत गेला. पुढे भाऊ केस जिंकलासुद्धा. पण श्रावणात हा गावी गेला, तर वहिनी दारातच म्हणाली, गहू मोजून झाले. भावानं सांगितलंय, ज्यानं मला चारचौघांत चोरागत हाक मारली त्याची मूठ माझ्या पिठात नको.

"तुझं कामच होतं ते," मी म्हटलं.

"मीबी भाऊले तेच सांगं. तो म्हणे, काम व्हतं तर कामलेच भाऊ कर."

त्यानंतर त्याची मूठ कोणी घेतली नाही. बायको होती तोवर घरात दोघं होते. मूलबाळ झालं नाही. ती गेल्यावर एकटाच. मी म्हटलं, मग लोकांकडे जेवत का नाहीस? तर म्हणाला, जेवायची सवय लागते, आबा. मग कोणी उठवलं की फार लागतं. त्यापेक्षा बसूच नये.

"आज सगळे पाण्यावर गेले. घरात रोटांचा वास. मी कोर्टात निघालो होतो..." एवढं तो परत साध्या मराठीत बोलला. "हात धुतले. पाट घेतला. देवी बसली होती त्या जागेपुढे एक घास काढून ठेवला, मग बसून खाल्ला. चोरून खातो तसा नाही खाल्ला, आबा."

तो घास खरंच होता. नंतर मला देवी बसवली होती तिथे भिंतीशी सापडला.

मला रडूबिडू आलं नाही. मला राग आला. त्याच्या भावाचा आला, वहिनीचा आला, कोर्टाचा आला, याचाही आला की एवढी वर्षं हे पोटात घेऊन टपरीवर उभा राहतो. मी म्हटलं, "ती पेटी खाली ठेव." आणि बाहेर गेलो.

नाना नारळाजवळच बसला होता. मी म्हटलं, "नाना, रोट बाहेरच्यानं खाल्ला नाही. त्याच्या नावाची मूठ मी घेतली होती."

"काय?"

"सव्वा मूठ. हिलालभाऊच्या नावाची. गहू मी मोजले ना? तेव्हाच टाकली. त्याला सांगायचं राहून गेलं, म्हणून तो घाबरला."

सुना एकमेकींकडे बघायला लागल्या. नाना माझ्याकडे बघत राहिला. लहानपणी आम्ही एका नदीत पोहलोय, त्याला माझं खोटं कळतं की नाही देव जाणे.

"कोनाले इचारून?"

"घरात राहतो तो. घरात पुरुष मी एकटाच आहे. मला वाटलं, घ्यावी."

"तुले समजते का तू काय केलं ते?" नानाचा आवाज चढला. "एक डाव मूठ घेतली का सोडता येत नाही. तो मानूस जिता आहे तवरोक दरसाल घ्या लागीन. त्याचं दुखलंखुपलं तुले. आन् मेला त सुतकबी तुलेच!"

"माहीत आहे."

"आन् त्यानं घर सोडलं त? दुसरीकडे गेला त?"

"मूठ तर घ्यावीच लागेल."

नाना बराच वेळ पुटपुटत होता. नानीनं टोपली उचलली, आत नेली आणि वर फडकं नीट घातलं. शेवटी नाना उठला, टोपी झटकली आणि म्हणाला, "पुढच्या साली त्याचं नाव मले फोनवर सांगजो. बापाच्या नावासगट." नारळाकडे त्यानं पुन्हा पाहिलं नाही.

तर झालं हे असं. खोलीला भाडेकरू हवा होता, भाड्याला माणूस हवा होता, आणि आता हा जिवंत आहे तोवर माझ्या पिठातून निघत नाही. सिंधूला सांगितलं तर ती हसून हसून फोनवर बोलेना. हसायला काय झालं?

संध्याकाळी असोद्याची मंडळी गेली. घर एकदम रिकामं झालं. हिलालभाऊ कोर्टातून आला, कपडे बदलून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी येऊन उभा राहिला. मी त्याच्याकडे न बघता म्हटलं, "पुनवेच्या आत टोपली संपवायची आहे. मला एकट्याला होणार नाही. मला दात नाहीत."

तो आत आला. मी दोघांना वाढलं. रोट, खीर, गंगाफळाची भाजी, कटाची आमटी. मांडी घालून बसला, पण पहिला घास हातातच धरून होता. मी खायला लागलो, मग त्यानं खाल्ला. हळूहळू चावत होता. मला वाटलं आता काहीतरी रडकं बोलेल. तर म्हणाला, "जाड झालेत."

मला इतका राग आला! म्हटलं, "नानाच्या सुनांनी केलेत. आजकालच्या पोरी. हात चालत नाही त्यांचा."

तो थोडा वेळ खात राहिला. मग ताटाकडेच बघत विचारलं, "अक्का कशा करायच्या?"

सिंधूची आई गेल्यापासून माझ्याकडे किती लोक आले. कशी गेली, काय झालं होतं, किती दिवस होती, सगळ्यांनी सगळं विचारलं. ती रोट कशी करायची, हे कोणी विचारलं नव्हतं.

मी म्हटलं, पीठ ती आदल्या दिवशी चाळून ठेवायची. पाणी कोमट. तेल नाही, तूप, आणि तेही बोटानं. लाटताना कड पातळ ठेवायची, मध्ये जरा जाड, आणि तव्यावर टाकला की बाकीच्यांना बोलू द्यायची नाही, म्हणायची बोललं की फुगत नाही...

आमटी गार झाली.